तालमीतला डेप्थ कॅमेरा: बैठकीत सांगाडा बरोबर येतो, जोर मारताना मोडतो. काय करू?

हरिपूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका तालमीत मी एक काम हाती घेतलंय. पोरं पहाटे जोर-बैठका मारतात, तेव्हा त्यांच्या गुडघ्याचा, कमरेचा आणि कोपराचा कोन मोजायचा. वस्तादांची नजर एका वेळी एका पोरावर असते, आणि बाकीची पोरं तोवर चुकीच्या सवयी लावून घेतात. अर्धे जोर मारतात, म्हणजे छाती जमिनीलगत न नेता नुसती कंबर हलवतात. बैठकीतून उठताना काहींचे गुडघे आत वळतात. ही बारा-चौदा वर्षांची पोरं आहेत. त्यांचे गुडघे आणि कमरा आत्ताच जपल्या पाहिजेत, म्हणून हा खटाटोप.

मोबाइलचा साधा कॅमेरा का नाही, तर पोरं लंगोटावर असतात. त्यांचे फोटो-व्हिडिओ कुठेही साठवायचे नाहीत, असं वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि मला ते पूर्ण पटतं. डेप्थच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला रंगाऐवजी अंतर असतं. माझ्या कॅमेऱ्याच्या त्या चित्रात पोराचा घाट दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. शिवाय पहाटे पाचला पत्र्याखाली एकच बल्ब असतो. हा कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकतो, त्यामुळे अंधाराची अडचण येत नाही.

कॅमेरा स्टिरिओ जातीचा आहे. दोन इन्फ्रारेड लेन्स, त्यांच्यात ५ सेंटिमीटर अंतर, आणि ठिपके टाकणारा प्रोजेक्टर. तो ट्रायपॉडवर छातीच्या उंचीला, पोराच्या समोर अडीच मीटरवर ठेवतो. लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून सांगाडा, म्हणजे सांध्यांच्या जागा जोडून आखलेली आकृती, काढायला रँडम फॉरेस्टवर (अनेक निर्णयवृक्ष मिळून उत्तर देतात त्यावर) चालणारी जुनी पद्धत घेतली आहे.

आता अडचण. उभ्या पोराचा सांगाडा सुंदर येतो. बैठकीत अर्ध्यापर्यंत चालतो, पण अगदी खाली गेल्यावर कमरेचा सांधा मांडीच्या पुढे उडी मारतो. जोर मारताना तर सगळंच कोसळतं. तळहात जमिनीत विरघळतात, पाय खांद्यामागे गायब होतात, डोक्याच्या जागी गुडघा येतो. सूर्य वर आला की पूर्वेच्या दारातून तिरीप येते आणि चित्राला भोकं पडतात, ते वेगळंच.

नवा कॅमेरा घेऊ, नवं मॉडेल घेऊ, की माझी मांडणीच बदलू? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत.

---

पाटणखोरं

हरिपूरकर, पैसे खिशात ठेवा. मी पाटणचा, कामाला पुण्यात आहे आणि रोजचं काम डेप्थ डेटाचंच आहे. तुमची मांडणी बदलली की निम्मं दुखणं जाईल. उरलेलं निम्मं तुम्ही कॅमेऱ्याला काय विचारता यात आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा सांगाडा कुठून येतो हे कळल्याशिवाय तो का मोडतो ते कळत नाही.

कॅमेरा सांधे बघत नाही. तो फक्त कातडीपर्यंतचं अंतर सांगतो. त्यावरून सांधे कुठे असतील याचा अंदाज दुसरा प्रोग्राम करतो. तुम्ही वापरताय त्या पद्धतीचं मूळ मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टमध्ये, म्हणजे अंगाच्या हालचालींनी गेम खेळायच्या डेप्थ कॅमेऱ्यात आहे. तो २०१० च्या नोव्हेंबरात बाजारात आला आणि त्यामागची पद्धत २०११ च्या सीव्हीपीआर या संगणकीय दृष्टीच्या परिषदेत शॉटन आणि सहकाऱ्यांनी मांडली. कल्पना आजही वाचण्यासारखी आहे. शरीराचे ३१ तुकडे पाडायचे: डोक्याचे, खांद्याचे, मांडीचे, गुडघ्याचे वगैरे. मग चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला विचारायचं, तू कुठल्या तुकड्यातला? उत्तरासाठी त्या पिक्सेलच्या आजूबाजूच्या दोन जागा घ्यायच्या आणि त्यांच्या अंतरांची वजाबाकी करायची. अशा शेकडो वजाबाक्यांतून निर्णयवृक्ष, म्हणजे एकापुढे एक हो-नाही प्रश्नांची उतरंड, तयार होतो, आणि असे काही वृक्ष मिळून फॉरेस्ट. एकेका तुकड्याचे पिक्सेल कुठे दाटलेत ते मीन शिफ्टने शोधायचं आणि तिथून थोडं आत, सुमारे ४ सेंटिमीटर, सरकून सांधा मानायचा. मागच्या-पुढच्या फ्रेमची मदत नाही, एकाच चित्रावर निकाल. म्हणून ते गेम खेळण्याच्या यंत्रावरही पळालं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. त्या दोन जागा किती लांबच्या घ्यायच्या हे पिक्सेलच्या अंतराने भागून ठरतं. त्यामुळे पोरगं दोन मीटरवर असो की तीनवर, वजाबाकी तीच येते. पण पोरगं आडवं झालं तर येत नाही. वळण्या-फिरण्यासाठी त्या वजाबाकीत काहीच सोय नाही. वेगवेगळ्या स्थितींतली माणसं दाखवूनच ते शिकवावं लागतं. शॉटन यांच्या गटाने मोशन कॅप्चरच्या, म्हणजे खऱ्या माणसांच्या हालचालींच्या, नोंदींवरून संगणकात शरीरं उभी करून लाखो कृत्रिम डेप्थ चित्रं बनवली. त्या नोंदींत नाचणं, लाथ मारणं, धावणं, गाडी चालवणं, मेनू निवडणं असे प्रकार होते. दिवाणखान्यात टीव्हीसमोर उभ्या माणसासाठीच ते होतं. तळहात आणि चवडे जमिनीवर टेकून छाती खाली सोडणारा पैलवान त्यात तुम्हाला क्वचितच सापडेल. जे शिकवलंच नाही त्याचं उत्तर फॉरेस्ट जवळच्या ओळखीच्या स्थितीतून देतं, आणि तुमच्या पडद्यावर डोक्याच्या जागी गुडघा येतो.

दुसरं कारण साधं गणित आहे. स्टिरिओ कॅमेऱ्याची अंतरातली चूक अंतराच्या वर्गाने वाढते. अंतराचा वर्ग गुणिले पिक्सेलमधली चूक, भागिले फोकल लांबी गुणिले दोन लेन्समधलं अंतर. फोकल लांबी ६४० पिक्सेल आणि जुळणीतली, म्हणजे दोन लेन्सच्या चित्रांत तीच खूण शोधण्यातली, चूक ०.१ पिक्सेल धरा. अडीच मीटरवर जवळजवळ २ सेंटिमीटर चूक येते. तळहाताची जाडी केवढी असते? म्हणजे तळहात जमिनीच्या मोजमापातल्या चुकीतच बुडाला. तोच कॅमेरा दीड मीटरवर आणा, चूक ०.७ सेंटिमीटर. एक पैसा न खर्चता कॅमेरा जवळजवळ तिप्पट चांगला झाला.

म्हणून मांडणी अशी करा. कॅमेरा समोरून काढून बाजूला न्या, दीड ते पावणेदोन मीटरवर, उंची गुडघ्याच्या थोडी वर. तुमच्या कॅमेऱ्याचा आडवा कोन ८५-९० अंशांचा असेल, तर दीड मीटरवर पावणेतीन मीटर रुंदी मावते. जोर मारणारं पोरगं त्यात डोक्यापासून टाचेपर्यंत येतं. बाजूने पाहिलं की पाय खांद्यामागे लपत नाहीत आणि बैठकीत कंबरही मांडीआड जात नाही.

मग पहिलं काम जमीन ओळखणं. पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे डेप्थवरून मिळणाऱ्या त्रिमितीय बिंदूंच्या ढगात, रॅन्सॅकने (चुकार बिंदू सोडून प्रतल बसवायच्या पद्धतीने) सर्वात मोठं सपाट प्रतल शोधा आणि प्रत्येक बिंदूची त्या प्रतलापासूनची उंची काढा. हे एकदा झालं की जोरासाठी तुम्हाला सांगाडा लागतच नाही, हे माझं मुख्य म्हणणं. अर्धा जोर म्हणजे छाती खाली गेली नाही, बरोबर? मग छातीची जमिनीपासूनची उंची मोजा. अंगाच्या लांबीवर दोन-दोन सेंटिमीटरचे कप्पे पाडा आणि प्रत्येक कप्प्यातली सर्वात वरची उंची घ्या. पाठीची रेघ मिळते. खांद्यापाशी त्या रेघेतून छातीची जाडी वजा करा. जाडी पोरगं पालथं झोपवून एकदाच मोजायची. प्रत्येक जोराला खांदा किती खाली आला आणि त्या क्षणी कंबर कुठे होती, एवढं वस्तादांना दाखवलंत तरी पुरे. हे साध्या प्रोसेसरवर सेकंदाला ३० फ्रेमने चालेल, आणि यात अंदाज जवळजवळ नाहीच. उंची कॅमेऱ्याने खरोखर मोजलेली आहे. सांगाडा मात्र मानलेला असतो.

बैठकीसाठी सांगाडा ठेवा, पण बाजूने. आणि एक युक्ती सांगतो: जोरातही सांगाडा हवाच असेल तर डेप्थचं चित्र ९० अंशात फिरवून प्रोग्रामला द्या. बाजूने दिसणारं आडवं पोरगं त्याला हात पुढे केलेल्या उभ्या माणसासारखं वाटेल. जोराच्या सुरुवातीला कंबर वर असते तिथे हे फसेल, मधल्या भागात चालेल.

---

मिरजेची फिजिओ

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. गुडघेबदल झालेल्या पेशंटची चाल आणि उठबस मोजायला असाच कॅमेरा वापरते, त्यामुळे पाटणखोरं यांच्या बोलण्याला माझा दुजोरा. पण हरिपूरकर दादा, कोन मोजायचा म्हणजे कुठला, हे आधी ठरवा.

आम्ही गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची दोन हातांची पट्टी, लावतो तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर मध्य ठेवतो. एक हात ग्रेटर ट्रोकँटरकडे, म्हणजे मांडीच्या वर बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाकडे, आणि दुसरा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. सांगाड्यातली कंबर त्या हाडावर नसते, ती आत कुठेतरी मानलेली असते. त्यामुळे माझा आकडा आणि तुमचा आकडा कधीच तंतोतंत जुळणार नाही. तो जुळवायच्या मागे लागू नका. एकाच पोराचा आजचा आकडा आणि महिन्याभराने आलेला आकडा एकाच पद्धतीने मोजलेले असावेत, हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं, हाड जितकं आखूड तितका कोन डळमळीत. पोटरीची लांबी ४० सेंटिमीटर धरा. तिचं एक टोक २ सेंटिमीटर चुकलं तर कोन सुमारे ३ अंशांनी चुकतो. पावलाची मोजता येणारी लांबी १५ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीने साडेसात अंश जातात. म्हणून गुडघ्याच्या आणि कमरेच्या कोनावर भिस्त ठेवा, घोट्याच्या कोनावरून पोराला काही सांगू नका.

आणि मनापासून एक विनंती. जिममधल्या स्क्वॉटचे नियम बैठकीला लावू नका. आपल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, चवड्यांवर भार येतो आणि गुडघे बोटांच्या पुढे जातात. ती तशीच मारायची असते. प्रोग्रामने त्यावर लाल खूण दाखवायला सुरुवात केली तर पोरं घाबरतील आणि वस्ताद तुम्हाला कॅमेऱ्यासकट बाहेर काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल. गुडघे आत वळणं ही मात्र पाहण्याची गोष्ट आहे. ते बाजूने दिसत नाही, समोरूनच दिसतं. तेवढ्यापुरती पोरं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि बैठकीचा अगदी खालचा भाग सोडून फक्त उठतानाचा भाग तपासा. गुडघे आत जातात ते तिथेच.

पडताळणीसाठी एक सोपा उपाय. सायकलच्या मडगार्डला लावतात तशी चमकणारी टेप बारीक कापून तिन्ही हाडांवर लावा. इन्फ्रारेड चित्रात ती लख्ख दिसते. तिच्या नेमक्या जागी डेप्थ मिळत नाही, भोक पडतं, म्हणून आजूबाजूच्या पिक्सेलांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यायचा. तेल लावायच्या आधी लावा, नंतर चिकटत नाही. आणि इन्फ्रारेड चित्रात चेहरा ओळखू येतो हे ध्यानात ठेवा. ते चित्र साठवू नका, आणि पडताळणीलासुद्धा पालकांना विचारूनच पोरं घ्या.

---

माती_मेहनत

मला कॉम्प्युटरातलं कळत नाही, पण तालमीतलं कळतं. आमच्या घरात तीन पिढ्या मेहनत झाली, त्यामुळं चार गोष्टी सांगतो.

जमीन सपाट धरायची म्हणताय, ती कुठली जमीन? हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती रोज उकरली जाते. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मऊ केलेली असते, तिला खड्डे-उंचवटे असणारच. जोर बाजूच्या घट्ट जमिनीवर काढायला लावा. कुस्तीनंतर पोरं तिथंच मेहनत करत असतील तर बरंच झालं.

कॅमेरा पोरांच्या डोळ्यांसमोर ठेवू नका. समोर काही दिसलं की जोर मारताना मान वर राहते, आणि मान वर राहिली की छाती खाली जात नाही. तुम्ही मोजायच्या आधीच जोर बिघडवलात. बाजूला न्यायला सांगितलंय ते म्हणूनसुद्धा चांगलं. चार दिवस बंद कॅमेरा तसाच ठेवा, सवय होऊ द्या, मग चालू करा.

धूळ बघा. कुस्ती सुरू झाली की लाल धूळ उडते, काचेवर बसते. मेहनत आधी आणि कुस्ती नंतर असं असेल तर कुस्तीच्या वेळी कॅमेरा कापडात गुंडाळा.

आणि वस्ताद काय बघतात ते त्यांनाच विचारा. आमचे आजोबा पोराकडं पाठ करून उभे राहायचे आणि दम ऐकून सांगायचे की याचा जोर अर्धा झाला. खाली जाताना दम सोडला नाही तर छाती अडते. तुमच्या उंचीच्या रेघेत ते कसं दिसतं ते बघा, म्हणजे आकडा आणि वस्ताद एकच बोलतील.

---

हरिपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कॅमेरा बाजूला नेला, दीड मीटरवर आणला, आणि घट्ट जमिनीचं प्रतल काढलं. पाठीची रेघ इतकी स्वच्छ आली की वस्ताद पाच मिनिटं पडद्यापुढून हलले नाहीत. खांदा कुठं थांबतो ते त्यांनी बोटाने दाखवलं आणि लगेच एका पोराला जवळ बोलावून तेच समजावलं. मला नेमकं हेच हवं होतं.

दम ऐकण्याची गोष्ट त्यांनाही विचारली. तेही तेच म्हणाले. खाली जाताना पाव सेकंद अडकलं की दम धरलेला असतो. रेघेत तो थांबा दिसतो का ते बघतोय.

दोन प्रश्न उरलेत. गुडघ्यांसाठी समोरून दुसरा तसाच कॅमेरा लावला तर दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळून बिघडतील का? आणि तिरीपेचं काय? शिवाय पोरं आता विचारायला लागलीत की प्रत्यक्ष कुस्तीत डाव मोजता येईल का. त्यांना काय सांगू?

---

पाटणखोरं

ठिपक्यांचं: तुमच्या जातीच्या कॅमेऱ्यात बिघडत नाही. स्टिरिओला दोन लेन्समधून एकच खूण जुळवायची असते, ती खूण कुणी टाकली याच्याशी त्याला घेणं नाही. दुसऱ्याचे ठिपके पडले तर उलट मदतच होते. पहिल्या किनेक्टसारखा ठरावीक नक्षी वाचणारा कॅमेरा असता तर दोन कॅमेऱ्यांनी एकमेकांना खाल्लं असतं. उजेड जाऊन परत यायचा वेळ मोजणारे, म्हणजे २०१३ नंतरच्या किनेक्टच्या जातीचे, असते तर त्यांच्या उजेडाच्या वेळा जुळवून एकाआड एक लावाव्या लागल्या असत्या. दुसरा कॅमेरा उधारीवर मिळाला तर आणा. विकत घेऊ नका, समोरून एकदा आणि बाजूने एकदा अशा दोन फेऱ्या घेतल्या तरी काम होतं.

तिरीप: सूर्यप्रकाशात तुमच्या प्रोजेक्टरच्या तरंगलांबीचा उजेड भरपूर असतो, त्यात ठिपके पुसले जातात. भोकं बहुधा उजेड आणि सावलीच्या सीमेवर पडत असतील, कारण एक्स्पोजर दोन्हींना एकदम पुरत नाही. दारावर पोतं टाका. सॉफ्टवेअरमध्ये याला चांगला उपाय नाही.

थांबा शोधताना एक काळजी घ्या. रेघ गुळगुळीत करायला फिल्टर लावाल आणि तो पाव सेकंदाचा थांबाच पुसून टाकाल. ३० फ्रेमच्या हिशेबाने तो सात-आठ फ्रेमचा असतो. फिल्टर त्याहून बराच आखूड ठेवा. तीन फ्रेमचा मध्यक पुरेल. आणि अंगाच्या कडेचे पिक्सेल आधीच कापून टाका, तिथे अर्धं अंतर अंगाचं आणि अर्धं मागच्या भिंतीचं मिसळतं आणि बिंदू हवेत तरंगतात.

कुस्तीचं पोरांना खरं ते सांगा: एका कॅमेऱ्याने नाही. दोघं गुंतले की डेप्थमध्ये एकच ढीग दिसतो. कुणाचा हात कुणाच्या मानेवर, हे सांगणारी माहिती त्या चित्रात नसतेच. गुंतलेली माणसं मोजायला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पॅनॉप्टिक स्टुडिओत घुमटासारखी खोली बांधून आतून शेकडो कॅमेरे लावले, आणि त्यांच्या जोडीला १० किनेक्ट. तसलं काही तालमीत उभं राहणार नाही. पण डाव पडायच्या आधीचा, म्हणजे दोघं अजून सुटे असतानाचा खडाखडीचा पवित्रा, कंबर किती खाली आहे, भार कुठल्या पायावर आहे, एवढं बाजूने नक्की येईल. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. जोराचं काम वस्तादांच्या मनासारखं झालं की मगच.

---

मिरजेची फिजिओ

दादा, पुढच्या आठवड्यात मी गोनिओमीटर घेऊन येऊ शकते. पालकांनी होकार दिलेली पोरं तेवढी निवडून ठेवा. बैठकीत तीन जागी थांबायला सांगू: उभं, अर्धं आणि पूर्ण खाली. प्रत्येक थांब्याला माझा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी-शेजारी लिहू. फरक सगळीकडे सारखाच आला तर तो वजा करता येतो. खाली जाताना वाढत गेला तर कमरेचा सांधा अजून चुकतोय, आणि मग त्या भागातले आकडे पोरांना दाखवायचे नाहीत. तेल मात्र माझं काम होईपर्यंत लावू देऊ नका.